सिद्धगडाखाली, शमुवेलकाकांच्या ओट्यावर

नगरहून निघालेली एसटी माळशेज घाट उतरली तेव्हा एप्रिल संपत आला होता. खालच्या शेतांत जागोजागी जळके काळे चौकोन दिसत होते. तो राब (भाताचं बी पेरण्याआधी पाला आणि शेण पसरून भाजलेली जमीन), असं शेजारच्या बाईंनी सांगितलं.

मी शमुवेलकाकांना भेटायला निघाले होते. मिशनच्या वसतिगृहात आम्हा मुलींना त्यांनी प्रार्थना शिकवली. "देवाशी रोज बोलत जा, नाहीतर तो परका होतो," एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर ते काकूंच्या माहेरी, सिद्धगडाच्या पायथ्याशी राहायला गेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. काकूंचा फोन आला, "ये गो, तुला बघून बरं वाटंल त्याना."

जायची मला भीती वाटत होती. नवरा गेल्यापासून आठ महिने मी एकदाही प्रार्थना केली नव्हती. रविवारी चर्चमध्ये जायचे, गीतं म्हणायचे. घरी मात्र देवापुढे बसवत नव्हतं. नर्सच्या नोकरीत किती परक्यांच्या खाटेशी प्रार्थना केल्या होत्या. नवऱ्याच्या खाटेशी केलेली एकही ऐकली गेली नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते.

मुरबाडहून घेतलेली जीप वाटेत पंक्चर झाली. मी फोन केल्यावर काकूंचा शेजारी धोंडू मला न्यायला चालत आला. त्याने बॅग खांद्यावर टाकली.

"कसे आहेत काका?" मी विचारलं.

"काय सांगू बाई, हाडं राहिलीत. पन सकाळी ओट्यावर नेऊन बसवला नाय, तर घास घेत नाय. मी न् माझा भाव उचलतो रोज."

"रोज?"

"आमी तुमच्यातले नाय. पन मानूस देवाजवळ बसायचं म्हनतो, तर त्याला नाय कसं म्हनायचं?"

घरात शिरताच वास आला आणि मी समजले. काकांना कुशीवर वळवलं. पडून राहून कमरेवर झालेल्या जखमेत हाड दिसत होतं. मी जखम धुऊन पट्टी बांधली. काकूंनी नाचणीची भाकरी आणि सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) वाढली. त्यांनी स्वतः अर्धीच भाकरी खाल्ली.

सकाळी धोंडू आणि त्याच्या भावाने काकांना ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं. समोर सिद्धगडाचा उघडा कातळ होता. काकू म्हणाल्या, "आज तू कर गो प्रार्थना. मोठ्यानं. त्याना ऐकायचीय."

मी डोळे मिटले. एक शब्द सुचेना. शेवटी म्हणाले, "काका, मला येत नाही. आठ महिने मी बसलेच नाही."

काकांनी डावा हात ओढत आणला आणि माझं मनगट धरलं. मग आभाळाकडे पाहून तोंडात उरलेला एकच शब्द ओरडले, "बा! बा!" लाळ गळत होती. मनगट सोडून त्यांनी मूठ ओट्यावर आपटली, पुन्हा आपटली.

"रोज असंच," काकू म्हणाल्या. "रडतात, भांडतात. पन बसायचं सोडत नाय."

माझी कल्पना होती की ते शांत झाले असतील. ते शांत नव्हते. देवावर चिडलेले होते आणि रोज त्याच्याचपाशी येऊन चिडत होते. मला नुसतं निघून जाणं जमलं होतं. ऊन अंगावर येईपर्यंत आम्ही तिघं तशीच बसलो.

तिसऱ्या दिवशी मी शहापूर-नाशिकमार्गे नगरला परत निघाले. सापगावच्या पुलाजवळ फोन वाजला. काकू एवढंच म्हणाल्या, "गेले गो." मी तिथेच उतरले आणि मिळेल त्या गाडीने उलटी फिरले.

काकूंच्या वावराच्या कडेला धोंडू खड्डा खणत होता. जमीन दगडासारखी कडक होती. त्याच्या तळहातांना फोड आले होते. चर्चचे पाळक (धर्मगुरू) लांबच्या गावी होते, पोहोचणार नव्हते. उन्हात वाट बघणं शक्य नव्हतं. प्रार्थनेसाठी सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी खड्ड्याशी उभी राहिले. "देवा, मला तुझा राग आलाय," म्हणाले. "माझा माणूस नेलास, आता यांना नेलंस. यांनी तुला एक दिवस सोडलं नाही. तूही यांना सोडू नकोस." काकूंनी "आमेन" म्हटलं आणि पहिली मूठ माती टाकली.

काकूंना माझ्याकडे चला म्हटलं. त्या आल्या नाहीत.

नगरला परतून महिना झाला. रोज सकाळी स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसते. बहुतेक दिवस नवऱ्याच्या दुखण्याचा जाब विचारते. उत्तर येत नाही, देव जवळ आल्यासारखंही वाटत नाही. परवा उठायला उशीर झाला, म्हणून न बसताच बाजारात गेले. मेथीची जुडी निवडताना जीव कासावीस झाला. कुणीतरी घरी आपली वाट बघत असावं तसं वाटलं. प्रार्थना सोडली होती त्या आठ महिन्यांत असं कधीच झालं नव्हतं. जुडी तशीच ठेवून मी घरी आले आणि बसले.