निवडुंगांची इरली

लोणावळ्यात मास्तरकी लागली त्या वर्षी मी निवडुंगांची बाग पहिल्यांदा पाहिली. रेल्वेतल्या कुणा साहेबाने परदेशांतून झाडे जमवून ती लावली होती आणि विलायतेला परतताना सगळी बाग गावाला देऊन टाकली होती. दगडी गडग्याच्या आत खडी पसरून वाफे केलेले, आणि प्रत्येक झाडापाशी जस्ताच्या पत्र्यावर इंग्रजी अक्षरांत त्याचे नाव. येणारेजाणारे फार नसत. रविवारी पुण्यामुंबईचे दोनचार हवा खायला आलेले लोक आणि एरवी एकटा माळी. म्हणूनच मी दादाला तिथे नेऊ लागलो.

दादा माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो तिसरीत होता आणि मी रांगत होतो. त्याने शाळा सोडली ती कायमची. आमचे गाव वडगाव स्टेशनापासून आत, दोन टेकड्यांमधले. वडगावच्या मराठी शाळेत, मग तळेगावी इंग्रजी शाळेत आणि शेवटी पुण्याला कॉलेजात मी शिकलो तो त्याच्या जिवावर. आमच्या गावात माझ्याआधी कुणी बी. ए. झाले नव्हते. निकाल लागला त्या दिवशी दादाने घरोघर गूळ वाटला होता. लोक विचारत, मुलगा झाला का रे? तर तो म्हणे, "व्हय, बी. ए. झाला."

त्या दादाला क्षय झाला. लोणावळ्याची हवा त्या रोगाला चांगली, असे सगळेच म्हणत. भाताची कापणी उरकल्यावर मी त्याला माझ्याकडे आणला. वहिनी गुराढोरांसाठी आणि मुलांसाठी गावी राहिल्या. निघताना दादाने त्यांना एवढेच सांगितले होते, "पेरणीच्या आत येतो."

बागेत पहिल्या दिवशीच भांडण व्हायचे राहिले. दारावर पाटी होती, 'झाडांना हात लावू नये'. मी ती वाचत उभा होतो, तोवर दादा आत जाऊन एका झाडाचे पान वाकवून बघत होता. गडग्याआडून माळी ओरडला, "ओ भाऊ! हात नका लावू! काटं भरतील!"

"ह्याचं?" दादा म्हणाला. "अवो, ह्याच्यासंगं माझं जलमाचं वैर हाय. फड्या निवडुंग हाय ह्यो. आमच्या बांधावरनं हटता हटंना. कुऱ्हाडीनं तोडला, जाळला, पुन्ना उगवला. आन् तुमी हितं त्याला खत घालताय!"

माळी वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "साहेबाचा हुकूम हुता. झाड मरता कामा नये."

"त्यो आपल्या मरणानं मरत न्हाई, तुमी कशाला घाबरता?" दादा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मास्तर, पाटीवर काय लिवलंय?"

मी इंग्रजी नाव वाचून दाखवले. ते लांबलचक होते.

"बघा," दादा चाचांना म्हणाला, "रानात हुता तवर फड्या. साळंत गेला, आन् एवढं मोठं नाव मिळालं. आमच्या मास्तरावानीच."

चाचा हसले. मीही हसलो. दादाला हसताना खोकला आला, तेव्हा तो तोंडाला फडके लावून आमच्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन उभा राहिला. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. पाणी प्यायचा टिनचा पेलाही तो स्वतःचा बरोबर आणी आणि धुऊन फडक्यात बांधून परत नेई.

त्यानंतर शाळा सुटली की आम्ही रोज जात असू. पत्र्यावरची नावे दादाला नको होती, त्याने आपलीच ठेवली. गोल, रेघारेघांचा होता तो हंडा. सरळसोट वाढलेला तो खांब. जाड, खरबरीत, ठिपक्यांची पाने असलेली रेडकाची जीभ. महिनाभरात चाचासुद्धा "आज हंड्याला कळी आली, भाऊ" असे म्हणू लागले.

थंडीत दादा सुधारला. जरा अंग धरले, भूक लागू लागली. पण माघ सरता सरता पुन्हा संध्याकाळचा ताप सुरू झाला.

चैत्रात डॉक्टरांनी त्याला तपासले आणि मला ओसरीवर बोलावले. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, आता हवापाण्याचा प्रश्न राहिला नाही. त्यांना घरी न्या. आपल्या माणसांत राहू देत. आता निघालात तर प्रवास झेपेल, पुढे झेपणार नाही."

मला सगळे समजले. न समजायला मी अडाणी नव्हतो. पण घरात गेलो तेव्हा दादा खाटेवर उठून बसला होता आणि त्याने विचारले, "डाक्तर काय म्हनला?"

मी म्हणालो, "अजून दोन महिने राहायचं म्हणाले. पावसाच्या आधी घरी."

असे का बोललो? त्या वेळी मला वाटले, मी त्याचा धीर राखतो आहे. पण ते तेवढेच नव्हते. त्याला गावी नेणे म्हणजे वहिनींसमोर उभे राहून सांगणे की तुमच्या माणसाने मला शिकवले आणि मी त्याला वाचवू शकलो नाही. ते मला जमत नव्हते. आणखी दोन महिने हातात असले तर काहीतरी होईल, अशी आशाही होती. अशी आशा शिकलेल्या माणसाला शोभत नाही, पण होती.

दादाने विचारले, "लिवून दिलंय?"

माझ्या हातात औषधाची चिठ्ठी होती. इंग्रजीत. "हो," मी म्हणालो.

"मंग झालं," तो म्हणाला. चिठ्ठी मागून घेतली, घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवली. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास होताच, पण लिहिलेल्यावर त्याहून जास्त होता. लिहिलेले खोटे असू शकते हे त्याला कुणी दाखवले नव्हते. लिहिलेल्याच्या नावावर खोटे मी सांगितले.

त्या आठवड्यात आमच्या गावचा एक माणूस बाजाराला आला होता. त्याच्याकडे दादाने निरोप पाठवला, "डाक्तरनं लिवून दिलंय. आजून दोन महिनं. पावसाच्या आदी येतो. राब भाजून ठेवा." भाताचे रोप टाकायची जागा पालापाचोळा घालून जाळतात, त्याला आमच्याकडे राब भाजणे म्हणतात. तो दरवर्षी दादा स्वतः भाजत असे.

वैशाखात चाचा काळजीत दिसू लागले. ही झाडे वाळवंटातली आणि लोणावळ्यात पाऊस असा की चार महिने भिंतींना शेवाळ येते. दरवर्षी ते झाडांवर गोणपाट टाकीत आणि दरवर्षी आठदहा झाडे सडून जात. मागच्या साली असाच एक हंडा गेला होता.

"गोनपाट पानी धरतं, चाचा," दादा म्हणाला. "वल्लं फडकं अंगाव टाकून निजल्यावानी झालं ते. वारं खेळलं पायजे खालनं. इरलं करा."

इरले म्हणजे पावसात भात लावताना आमच्या मावळातली माणसे डोक्यावरून पाठीवर घेतात ते. बांबूच्या कांबट्यांची जाळी, मध्ये पळसाची पाने दाबून बसवलेली. माणूस वाकला की पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

चाचा म्हणाले, "झाडाला इरलं? लोक हसतील."

"हसू द्या की. तुमचा हंडा लावणी करतोय म्हनावं."

मी दादाला म्हणालो, "तुला झेपायचं नाही." त्यावर तो चिडला. "बसून बसून मी बी निवडुंग झालो. हात तर हलवू दे."

चाचांनी बांबू आणले, पळसाची पाने पोत्यातून आणली. दादा आंब्याखाली बसून कांबट्या काढी. कोयता चालवताना त्याचा श्वास लागे. मग थांबे, फडक्यात खोकून घेई, पुन्हा चालवी. दिवसाला एक इरले, कधी दोन दिवसांत एक. हंड्यासाठी टोपल्याएवढे बुटके, रेडकाच्या जिभेसाठी पसरट. खांबाला काय करायचे, यावर त्याची आणि चाचांची दोन दिवस चर्चा चालली होती. मी जवळ बसून मुलांचे निबंध तपासत असे. ते दिवस आठवले की मला वाटते, त्याला तेव्हा सुख होते. मग वाटते, हे मी माझ्या सोयीसाठी म्हणतो आहे. कारण मधूनच तो हात थांबवून पुण्याच्या बाजूला, म्हणजे आमच्या गावाच्या बाजूला, आभाळाकडे बघे आणि विचारी, "किती दिस ऱ्हायलं, मास्तर?"

"थोडेच," मी म्हणे.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला त्याला उठवेना. तेव्हा मी घाईने गाडीची चौकशी केली, तर डॉक्टर म्हणाले, "आता हलवू नका. मी तुम्हाला चैत्रात सांगितलं होतं." दादा पडदीच्या पातळ भिंतीपलीकडे होता. त्याने ऐकले की नाही, मला कधी कळले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वहिनी गाडीने पोचल्या तेव्हा आम्ही इंद्रायणीकाठून परतलो होतो. त्यांनी मला काही विचारले नाही. दिवसकार्य गावी झाले. दादाचे कपडे मी बोचक्यात बांधून त्यांच्याकडे दिले, बंडीसुद्धा. खिसा बघितला नाही.

आषाढात शाळेतून येताना मी बागेकडे वळलो. पाऊस धो धो होता. आत सगळ्या वाफ्यांवर इरली उभी होती, लहान, बुटकी, पसरट. लांबून पाहिले तर खाचरात बाया वाकून लावणी करताहेत असे वाटावे. चाचा घोंगडी घेऊन आडोशाला बसले होते. मला पाहून उठले.

"एक बी सडलं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. मग गडग्याकडे बोट करून, "एकच बसत न्हाई नीट. शेवटचं. खांबाव टाकलं तर घसरतंय. मोठं झालंय."

ते त्यांनी गडग्यापाशी टेकवून ठेवले होते. मी उचलले. चाचांना ओळखता आले नसेल, पण मी त्या घरात वाढलो होतो. डोक्याशी वळण दिलेले, पाठीला बाक, कमरेखाली दोन वीत जास्त लांबी, कारण दादा उंच होता आणि दरवर्षी त्याची कंबर भिजे. ते झाडासाठी नव्हतेच. यंदाच्या लावणीसाठी त्याने ते स्वतःला केले होते.

त्याने माझे म्हणणे शब्दाशब्दाने खरे धरले होते.

रविवारी मी ते घेऊन गावी गेलो. वडगावाहून चालत, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताला इरले. वहिनी खाचरात होत्या. आमची लावणी मागे पडली होती. मला बघून त्या बांधावर आल्या. मी इरले पुढे केले आणि कुणी कशासाठी केले ते सांगितले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले. कांबट्यांची गाठ अंगठ्याने दाबून बघितली.

मग म्हणाल्या, "भावजी, थांबा." त्यांनी बांधाकडेच्या झोपडीतून पानसुपारीची पिशवी आणली आणि तिच्यातून एक कागद काढला. तीच चिठ्ठी. घडीवर फाटत आली होती. "बंडीत व्हती. निरोप आला व्हता, डाक्तरनं लिवून दिलंय म्हनून. काय लिवलंय ह्याच्यात? वाचा."

पाऊस छत्रीवर वाजत होता. मला तिथेही काहीतरी खोटे सांगता आले असते. मी वाचले, "खोकल्याचं औषध. दिवसातून तीन वेळा, पाण्यातून."

"आन्?"

"एवढंच आहे."

"आन् दोन महिनं?"

"ते मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या."

"कवा म्हनाले?"

"चैत्रात."

त्या कागदाकडे बघत राहिल्या, वाचता येत असल्यासारख्या. "चैतात चालत आलं असतं ते स्टेशनावरनं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "राब भाजला असता."

 

त्यांनी चिठ्ठी पिशवीत परत ठेवली. इरले डोक्यावर घेतले. ते त्यांना मोठे होत होते, खालची कड पोटऱ्यांना लागत होती. खाचरात उतरून त्यांनी रोपांची जुडी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छत्री मिटा आन् उतरा खाली. एक मानूस कमी हाय."

मी वहाणा काढल्या, धोतर खोचले आणि उतरलो. पहिल्यांदाच खाचराच्या चिखलात पाय घालत होतो. दादाने मला कधी उतरू दिले नव्हते, तू पुस्तक धर म्हणत असे. माझी रोपे वाकडी लागत होती, काही आडवी होऊन पाण्यावर तरंगत होती. वहिनी मागे येऊन ती उपटत आणि नीट लावत. इरल्याखाली त्यांचे तोंड दिसत नव्हते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन खाचरे लावली.