मशीनचा खड्डा

मशीन यायच्या आधीच खड्डा खणला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी इंपोर्ट होतं. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये इंजिनाचे शाफ्ट बनायचे, आणि ह्यांनी जर्मनीहून जुनं ग्राइंडिंग मशीन ठरवलं, निम्म्या किमतीत. अवजड मशीनला खाली पाया लागतो, म्हणून खड्डा. नारळ फोडला, पेढे वाटले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "खणल्याला खड्डा उघडा ठेवू न्हाय बाबा. कायतरी मागतोय त्यो." हे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

निम्मी किंमत ही फक्त तिथली किंमत होती, हे मशीन मुंबईच्या बंदरात उतरल्यावर कळलं. जुन्या मशीनची किंमत कस्टमवाले आपल्या हिशेबानं धरतात, वर जहाजाचं भाडं आणि विमा मिळवतात, आणि त्या सगळ्यावर ड्युटी. भाड्यावरसुद्धा कर! मी म्हणाले, "आधी विचारायला तोंड शिवलं होतं काय?" पैसे जमेपर्यंत मशीन गोदीत पडून, आणि पडून राहायचंही भाडं, रोजचं.

ड्रिलिंग मशीन विकलं. मग छोटा लेथ. तोवर गोदीचं भाडं आणखी चढलेलं. फोन वाजला की भाजी चिरताना माझा हात थांबायचा. पलीकडे गोदीतून माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट, मेला गोड बोलायचा, आणि हे भिंतीकडे बघत नुसते "व्हय, व्हय" करायचे. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, पण त्यांच्यावर पाय कुणी देत नव्हतं.

राहिला मोठा लेथ, सासऱ्यांनी घेतलेला. शाफ्ट आधी त्याच्यावर कातायचा. ग्राइंडिंग म्हणजे त्यानंतरचा शेवटचा हात.

"त्यो विकलासा तर नव्या मशीनवर चढवणार काय, माझं डोस्कं?"

"हत्ती गेलाय, शेपूट राहिलंय," हे म्हणाले. "मशीन सुटू दे. लेथ परत घेऊ की."

"शेपूट हत्तीपेक्षा लांब हाय तुमचं!"

ओरडत होते खरी, पण आतून नुसती भीती वाटत होती. ह्यांचं जेवण सुटलं होतं. लेथ न्यायला आलेल्या ट्रकवाल्यानं सहज विचारलं, "पावणं, धंदा बंद केला काय?"

"न्हाय, न्हाय," हे म्हणाले, "वाढवतोय."

मशीन आलं. खड्ड्यात काँक्रीट भरलं, बोल्ट आवळले, बोटभर फट नाही. सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. ह्यांनी बटण दाबलं आणि चाक फिरायला लागलं.

"ऐक की," हे मला म्हणाले. "आवाज कसा हाय?"

"झकास हाय."

शेडमध्ये दुसरा आवाजच नव्हता. चढवायला कातलेला एक तुकडा नव्हता. तरी हे दिवस मावळेपर्यंत मशीन चालू ठेवून समोर उभे राहिले, आणि "बंद करा" म्हणायचा मला धीर झाला नाही.