बारावा चेंडू

‘दिला’ या शब्दाची क्रांतीला शिसारी आली होती.

शब्द तसा साधा. गोल्फमध्ये चेंडू होलच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला, की समोरचा खेळाडू मोठ्या मनानं म्हणतो, ‘दिला’. म्हणजे आत गेला असं धरू, उचला. पण कळंब्याच्या पुढं, उसाच्या रानांना लागून असलेल्या त्या क्लबात या शब्दाचं पार वाटोळं झालं होतं. वितीवरचा चेंडू दिला, हातावरचा दिला, दोन हातांवरचाही दिला. खेळणारा माणूस जेवढा मोठा, तेवढं अंतर वाढायचं. क्लबचे अध्यक्ष विश्वजितराव खेळत असले तर चेंडू थांबायच्या आधीच चार तोंडं एकदम उघडायची. “दिला साहेब.” मग साहेब तोंडातली पिंक हिरवळीच्या कडेला टाकायचे आणि चेंडू उचलून खिशात घालायचे.

ती पिंक सकाळी क्रांतीच धुवायची. लाल डागाखालचं गवत आठ दिवसांत पिवळं पडायचं, मग तेवढा तुकडा खरवडून नवीन लावायचा. अकरा वर्षं ती ते करत होती, तरी दर वेळी पाण्याची बादली ओतताना ती तोंड फिरवायची.

तिचं माहेर शिरोळकडचं. शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. लग्न होऊन कळंब्याला आली, नवरा सयाजी दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर. क्लबात गवत कापायला बाई पाहिजे म्हणून लागली तेव्हा तिला सगळा प्रकार हसण्यासारखा वाटला होता. एवढाले बाप्ये आणि गोट्या खेळतात, असं ती सयाजीला म्हणालीही होती.

तिला या खेळाची गोडी लावली ती केरबा सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त झालेले, फौजेच्याच मैदानावर हा खेळ शिकलेले, क्लबात शिकवायला होते. चेंडू परत ढकलायला कुणीतरी पाहिजे म्हणून त्यांनी क्रांतीला समोर उभं केलं. तिची नजर चांगली आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि एक दिवस त्यांनी जुना पटर तिच्या हातात दिला. पटर म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची सपाट तोंडाची काठी.

“ह्यात ताकद न्हाई लागत पोरी,” सुभेदार म्हणाले. “खोटं न करता एकच गोष्ट हजारदा करायला येती का, एवढंच बघायचं.”

त्यांची रीत अशी. पटरच्या दोन्ही बाजूंना एक-एक खुंटी रोवायची, काठी आणि खुंटीमधे जेमतेम बोटभर जागा. काठी मागं न्यायची, पुढं आणायची, खुंटीला लागता कामा नये. ते साधलं की गजऱ्याचा दोरा होलपर्यंत ताणून बांधायचा आणि त्याच्या सावलीत चेंडू चालवायचा. ढकलल्यावर मान वर करायची नाही; चेंडू आत पडला ते कानानं ऐकायचं. आणि सगळ्यात शेवटी घड्याळ. होलभोवती दीड-दीड हातावर बारा चेंडू मांडायचे, घड्याळाच्या आकड्यांसारखे. एकामागून एक आत घालायचे. एक चुकला की सगळे उचलायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचं. अकरा गेले आणि बारावा चुकला तरी पहिल्यापासूनच.

घड्याळ पुरं करायला क्रांतीला चार महिने लागले. ज्या सकाळी पुरं झालं त्या सकाळी तिनं कुणाला सांगितलं नाही. अंबाबाईला मनातल्या मनात हात जोडले आणि मशीन सुरू केलं. पुढं सुभेदार थकले आणि वारणानगरला लेकाकडं गेले. त्यानंतर क्लबात पटिंग नीट येणारं माणूस म्हणजे ती एकटी, आणि ती गवत कापत होती.

यंदा क्लबानं मुलींसाठी सकाळचा वर्ग काढायचं ठरवलं. सेक्रेटरी बाळासो तिच्याकडं आला. बाळासो चाळिशीतला, वाईट माणूस नव्हता, पण मोठा माणूस दिसला की त्याची पाठ आपोआप वाकायची.

“वैनी, वर्ग तुम्हीच घ्यायचा. टोपी, टी-शर्ट, भिंतीवरच्या पाटीत नाव, सगळं करतो. पण एक काम हाय.”

“बोला की.”

“पुढच्या महिन्यात मिरजेची टीम येतीय. साहेबांचं लांबचं मारणं बरं हाय, जवळचा चेंडू मात्र जात न्हाई. तेवढं तीन आठवड्यात बसवा. साहेब जिंकले की वर्ग तुमचा.”

जवळचा जाणार कसा, क्रांतीच्या मनात आलं, जन्मात कधी घातलाय का? पण ती ‘बरं’ म्हणाली. वर्ग तिला हवा होता. किती हवा होता ते तिनं सयाजीलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. रात्री पडल्या पडल्या ती मनात मुलींच्या रांगा लावत होती. कुणाची मान वर होते, कुणाचं मनगट वळतं, ते आधीच बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून विश्वजितराव यायला लागले. संगं दोघं-तिघं असायचेच, आणि बाळासो. तिनं खुंट्या रोवल्या. साहेबांची काठी पहिल्याच फेरीत खुंटीला लागली.

“खुंटी जवळ लावलीस बाई.”

“एवढीच लावायची असती साहेब.”

“असती, पण आमची काठी जरा राजेशाही हाय,” साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. बाळासोनं वाकून खुंटी चार बोटं लांब रोवली. क्रांतीनं ती उपटून परत जागेवर आणली. त्यानं ती परत सरकवली. साहेब ढकलत होते आणि मधे हे दोघं खुंटी इकडून तिकडं करत होते. असा आठवडा गेला.

दोऱ्याचंही तसंच. चेंडू दोऱ्याबाहेर गेला की दोराच तिरका बांधलाय असं निघायचं. मान खाली ठेवा म्हणावं तर साहेब चेंडू निघायच्या आधीच वर बघायचे. होलकडं नव्हे, माणसांकडं. माणसं लगेच माना डोलवायची. क्रांतीला वाटायचं, आपण देवळात निर्माल्य साफ करतो, हात वास मारतात, पण त्याची घाण वाटत नाही. इथं स्वच्छ कपड्यातल्या माणसांची घाण वाटते. हे काय आहे?

घड्याळ मांडलं तेव्हा तर तमाशाच झाला. तिसरा चेंडू काठावरून फिरून बाहेर थांबला.

“दिला,” बाळासो म्हणाला.

“घड्याळात दिला नसतो,” क्रांती म्हणाली. “परत पहिल्यापासून.”

“अहो वैनी, दोन बोटं तर राहिलाय.”

“दोन बोटं असू दे न्हाईतर दोन कोस. आत न्हाई गेला.”

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, दुकानात वस्तूची किंमत जास्त सांगितल्यावर बघतात तसं. मग त्यांनी परत सुरुवात केली. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ते थोडं नीट खेळायला लागले. पाच जायचे, सहा जायचे, एकदा आठ गेले. क्रांतीला आशा वाटली. माणूस वाईट नाही, याला कुणी ‘नाही’ म्हणालंच नाही एवढंच, असं तिनं घरी सयाजीला सांगितलं.

शेवटचा दिवस शुक्रवारचा होता. क्रांतीचा उपास. साहेबांचे त्या दिवशी अकरा गेले. खरोखर गेले, काही न सरकवता. बाळासो क्रांतीच्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, “तुमच्या वर्गाचा कागद सहीला ठेवलाय बरं का, साहेबांच्या टेबलावर.” साहेबांनी बारावा ढकलला. चेंडू होलच्या ओठावर आला, डावीकडं वळला आणि वीतभर पुढं जाऊन थांबला.

सगळे तिच्याकडं बघत होते. साहेबही बघत होते, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच शाळेतल्या मुलासारखी भीती होती.

“दिला साहेब,” क्रांती म्हणाली.

टाळ्या पडल्या. साहेबांनी चेंडू उचलून हवेत उडवला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या क्लबात झालं, साहेबांनी बाराच्या बारा घातले. घरी तिनं उपासाला भिजवलेला साबुदाणा फोडणीला टाकला पण खाल्ला नाही. ताट तसंच झाकून ठेवलं. देवापुढं दिवा लावला, पण हात जोडून डोळे मिटायला काही धीर झाला नाही; नुसतीच उभी राहिली. बाळासोसारखी पाठ आपलीही वाकली. कागदाचं नाव घेतल्याबरोबर वाकली.

रविवारी मिरजेची टीम आली. विश्वजितरावांच्या समोर डॉक्टर मुजम्मिल होते, उंच, कमी बोलणारे, साठीला आलेले गृहस्थ. सामना शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत आला. शेवटच्या हिरवळीवर होलमधला झेंडा काढून धरायचं काम क्रांतीकडं होतं. ती होलपासून चार पावलांवर उभी राहिली. डॉक्टरांनी आपला चेंडू आत घातला. आता साहेबांचा चेंडू दीड हातावर होता, बरोबर घड्याळाच्या अंतरावर. घातला तर बरोबरी, मग आणखी एक होल. चुकला तर हरले.

जाईल, क्रांतीला वाटलं. मान खाली ठेवा, एवढंच मनात म्हणत ती काठीकडं बघत होती.

साहेब चेंडूपाशी गेले. क्षणभर थांबले. तेवढ्यात मागून, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून, सवयीनं, एखाद्याला उचकी लागावी तसा आवाज आला, “दिला साहेब.”

आणि साहेबांनी वाकून चेंडू उचलला. तेही सवयीनंच. उचलून खिशात घातला, डॉक्टरांशी हात मिळवायला दोन पावलं पुढं गेले, आणि डॉक्टरांचा हात पुढं आला नाही तेव्हा थांबले.

“मी दिला नव्हता,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

समोरच्यानं न देता चेंडू उचलला तर एक फटका जास्त धरतात, आणि एक फटका म्हणजे सामना गेला. साहेबांचा चेहरा काळवंडला. आवाज बाळासोचा होता हे दोरीपलीकडच्या सगळ्यांना माहीत होतं. बाळासोचं तोंड पांढरं पडलं होतं. पण तोच दोरी ओलांडून सगळ्यांच्या आधी आत आला.

“न्हाई न्हाई डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणाला की. सगळ्यांनी ऐकलं. वैनी तर होलपाशीच हायत. सांगा वैनी.”

डॉक्टरांनी क्रांतीकडं बघितलं. “ताई जवळ उभ्या होत्या. मी म्हणालो असं त्या म्हणत असतील तर मी मान्य करतो. बरोबरी धरू, पुढचा होल खेळू. माझी तक्रार नाही.”

क्रांतीच्या हातात झेंड्याची काठी होती. बाळासो डोळ्यांनी विनवत होता. साहेब बघत नव्हते, ते खाली गवताकडं बघत होते. एक शब्द बोलला की चेंडू आत गेल्यात जमा, पुढं आणखी एक होल, आणि कोण जाणे, तिथं साहेब नीट खेळतीलही. जिंकतीलही. पाटीवर नाव, डोक्यावर टोपी, समोर मुलींची रांग. आणि रांगेतल्या पहिल्या मुलीचा चेंडू वीतभर बाहेर थांबला, तर तिला काय सांगायचं?

“डॉक्टर बोलले न्हाईत,” ती म्हणाली. “आवाज मागनं आला. सेक्रेटरींचा.”

“वैनी,” बाळासो म्हणाला, एवढंच.

“आणि साहेब,” ती पुढं बोलली, “शुक्रवारी तुमचा बारावा गेला न्हवता. मी दिला म्हणलं ते माझं चुकलं. न जाता गेला म्हणलं.”

विश्वजितरावांनी चेंडू खिशातून काढला, हातात धरला, जणू तो कुणाचा आहे ते आठवत नसावं. मग डॉक्टरांशी हात मिळवून ते जेवणाच्या मांडवाकडं निघून गेले. मागोमाग सगळे गेले. पांढरा रस्सा गार होत होता.

बाळासो सोमवारी सकाळी मशीनच्या शेडपाशी आला. वर्गाला पुण्याचा माणूस येणार असं त्यानं सांगितलं. मोबाईलवर शूटिंग काढून शिकवतो म्हणे.

“तुम्ही चेंडू वेचायला थांबा पाहिजे तर,” तो म्हणाला. “मी सांगतो साहेबांना.”

“मी गवत कापतो,” क्रांती म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशीच ती बोलायची, ‘मी कापतो, मी जातो’. “त्याला तुम्ही न्हाई म्हणू शकत न्हाई. चेंडू वेचत न्हाई.”

“अहो, एक शब्द तर बोलायचा होता वैनी. मी तुमच्यासाठी किती…”

“तोंड धुऊन या जावा,” ती म्हणाली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात सकाळीच लाल ओघळ वाळला होता.

आदल्या रात्री घरी सयाजीनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि चहा ढवळला होता. “वाईट वाटतंय का?” त्यानं शेवटी विचारलं. “व्हय,” ती म्हणाली. “लई.”

शेडमधून मशीन काढून ती सरावाच्या हिरवळीवर आली. तिथं साहेब आले होते, संगं तेच दोघं-तिघं. कुणीतरी चेंडू ढकलला, तो हातभर लांब थांबला, आणि सगळे जणू काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, “दिला.” एरवी साहेब हिरवळीवर असले की मशीन बंद करून बाजूला उभं राहायचं, ही क्लबची रीत होती. अकरा वर्षं तिनं ती पाळली होती. आज तिनं दोरी ओढली, इंजिन धडधडलं, आणि ती होलच्या दिशेनं सरळ रेषेत चालायला लागली. कुणीतरी ओरडलं, ऐकू आलं नाही. मशीन जवळ आलं तशी माणसं चेंडू गोळा करून एकेक करत हिरवळीवरून खाली उतरली.