मबरूकाचं दूध

"थांब, आधी याला जागं होऊ दे." निखाऱ्यांच्या शेगडीवर डफ आडवा धरून ती हे म्हणायची. मग कातड्यावर एक टिचकी, डफ कानाशी आणि निकाल: "अजून झोपलाय." कुवेतच्या दमट हवेत कातडं सैल पडतं हे खरं, पण ती ते गरजेपेक्षा जास्त तापवायची हेही खरं. मोठमोठ्या घरांच्या मालकिणी ताटकळत उभ्या राहायच्या. तिच्या हातात तेवढीच सत्ता होती आणि ती तिनं कधी वाया जाऊ दिली नाही.

सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही. ती काळी कुवेती. तिच्या आजीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून आणलं आणि इथं विकलं. खालाच्या मंडळीत तिच्याशिवाय आठ बायका, सगळ्या अशाच घरांतल्या. बायकांच्या समारंभात त्या डफ वाजवून गायच्या. त्यांच्याशिवाय लग्न म्हणजे नुसतं जेवण, असं लोक म्हणत.

मी नव्याण्णव साली रुमैथियातल्या एका फोटो स्टुडिओत लागले. बायकांच्या समारंभात पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून स्टुडिओच्या मालकांना मुली लागत. हे मालक रत्नागिरीकडचे चाचा. बहुतेक घरांत व्हिडिओ कॅमेरा घेऊन मी आणि डफ घेऊन खाला, अशा आम्ही एकाच दारातून आत जायचो. मागच्या.

माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. मी बाराखडी शिकले ती त्या पत्रकांवरच. आमच्या आजोबांनी गावच्या लग्नांत हलगी वाजवली आणि जेवले उकिरड्याशेजारी; वडिलांनी ती हलगी चुलीत घातली. तेव्हा पहिल्याच महिन्यात मी खालाला भाषण दिलं. "सोडून द्या हे वाजवणं. जे तुम्हाला गुलाम म्हणतात, त्यांच्या दारात कशाला नाचायचं?"

ती पोट धरून हसली. तिचं हिंदी बोलणं सिनेमांवर पोसलेलं होतं. इथं ते मी मराठीत आणलंय. "बिंती," म्हणजे पोरी, ती म्हणाली, "मी सोडलं तर यांना आठवण कोण करून देणार? विसरायला तर हे टपलेच आहेत."

तिच्या गाण्यांत मधेच एखादी ओळ यायची, अरबी नसलेली. एकदा मी अर्थ विचारला. "अर्थ समुद्रात पडला," ती म्हणाली, "चाल तेवढी हाताला लागली." राष्ट्रीय दिनाला टीव्हीवर हाच डफ दाखवायचे आणि त्याला आमचा वारसा म्हणायचे. वाजवणारीला मात्र घरात अब्दा, म्हणजे गुलाम बाई. वारसा यांचा आणि गुलामी तिची! आमच्या इमारतीतल्या एक मराठी वहिनीही मला विचारत, "त्या हबशिणीच्या गाडीतून येतेस होय गं? वास नाही येत?" मी म्हटलं, "येतो की. उदाचा. तुमच्या जिन्यात कुजक्या कांद्याचा येतो." वहिनींनी त्या वर्षी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

आता मुख्य गोष्ट. खालाची मुलगी शिक्षिका होती. कॉलेजात बरोबर शिकणाऱ्या एका मुलानं तिला मागणी घातली. ज्या घराला खालाची आजी विकली गेली, त्याच घरातला हा नातू. घरची म्हातारी मालकीण, तिला सगळे हाज्जा म्हणत, तिनं निरोप पाठवला: "आमच्या अब्दांशी आम्ही सोयरिक करत नाही." मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही. त्या आठवड्यात खालानं एक डफ इतका तापवला की कातडं फाटलं.

दोन वर्षांनी त्याच मुलाच्या बहिणीची मेंदी निघाली, आणि हाज्जानं बोलावलं कुणाला? खालाला. मंडळी कुवेतात नावाजलेली, आणि ही आपलीच माणसं, येणार नाहीत तर जातील कुठं!

मी म्हटलं, "जाऊ नका."

"जाणार," खाला म्हणाली. "तू कॅमेऱ्यात नवी कॅसेट घाल. अर्ध्यात संपणारी नको."

तिथली एक रीत सांगते. गाणारी बाई यजमानांच्या घराण्याची नावं गाण्यात गुंफते: घरधनी, त्याचा बाप, त्याचा आजा. घरच्या बायका आधी नावांची चिठ्ठी देतात. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर अंगण बायकांनी भरलं, नवरी मेंदीला बसली आणि हाज्जाच्या सुनेनं चिठ्ठी पुढे केली. खाला म्हणाली, "ठेव. या घरातली नावं माझ्या आजीनं मला पाठ करून घेतलीत."

आणि तिनं सुरू केलं. पणजा, आजा, बाप, सगळे क्रमानं. हाज्जा खुशीत मान डोलावत होती. मग घरधन्याचं, म्हणजे हाज्जाच्या नवऱ्याचं नाव आलं आणि खालानं लय उतरवली. "याच्या आईचं दूध बाळंतपणात आटलं, तेव्हा याला दूध कुणी पाजलं?"

मागच्या आठजणी: "मबरूकानं!"

"मबरूका कोण?"

"विकत आणलेली!"

"एका मांडीवर माझी आई, दुसऱ्या मांडीवर हा. मग हा माझा कोण?"

"मामा!"

हे आपल्याला गाणंच वाटेल. पण त्या धर्मात दुधाचं नातं रक्ताच्या बरोबरीनं धरतात. जिनं पाजलं ती आई, आणि तिची पोरं ती सख्खी भावंडं. म्हणजे जिच्या मुलीला अब्दा म्हणून नाकारलं, त्या खालाची आई, मबरूकाची लेक, या घरधन्याची बहीण. शेदीडशे बायका बसल्या होत्या. नवरीच्या हातावर मेंदी काढणाऱ्या बाईचा कोन हवेतच राहिला. मी कॅमेरा हाज्जाच्या चेहऱ्यावर नेला आणि तिथंच धरून ठेवला. थोबाडीत मारण्याची इतकी सभ्य पद्धत मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हाज्जाचा फोन आला: तेवढं गाणं कापा. चाचा गयावया करू लागले. "पोरी, ह्यो आपला मुलुख नाय. माझ्या पोटावर पाय नको आणूस."

मी कापलं म्हणून सांगितलं आणि अख्खी कॅसेट त्या घरी पोचवली. नोकरी आठवड्यात गेली. खालाचंही नुकसान झालंच. मोठ्या घरांची आमंत्रणं एकेक करून थांबली आणि मंडळीतल्या तिघी दुसरीकडे गेल्या. मला अपराधी वाटायचं. मी तसं म्हटलं की ती डोळे वटारायची. "रडू नकोस. त्यांना रडू दे. मी एका दुपारी शंभर वर्षांचं गायले, आता बसून खाईन."

ती फार वर्षं बसली नाही. दोन हजार चार साली, हृदयाचा झटका. मी तेव्हा एका शाळेत काम करत होते. अर्दियातल्या तिच्या घरी तिसऱ्या दिवशी गेले. बैठकीत बायका दाटीनं बसल्या होत्या, वाजवणाऱ्या सगळ्या समोरच्या रांगेत, ज्या सोडून गेल्या होत्या त्याही. मुलगी मधे.

दार उघडलं आणि मोलकरणीच्या खांद्यावर हात टाकून हाज्जा आत आली. कुणी उठलं नाही. ती मुलीसमोर येऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आमच्या हाजींनी अंथरुणावर ती कॅसेट ऐकली. रोज लावायला सांगतात. त्यांनीच पाठवलंय मला. तुझी आई आमच्यातलीच होती."

"म्हणजे कोण होती?" मुलीनं विचारलं.

कॉफी देणारी बाई जागच्या जागी थांबली. मुलगी वाट पाहत राहिली. वर्गात उत्तराची वाट पाहावी, तशी.

"माझ्या नवऱ्याची भाची," हाज्जा पुटपुटली.

"मागच्या बायकांना ऐकू आलं नाही," मुलगी म्हणाली. "पुन्हा सांगा."

आणि हाज्जानं, उभ्यानंच, पुन्हा सांगितलं.