चालण्यासारखं गाव

टेलरच्या मशीनखाली चिंध्या साचतात ते रोज दिसत नाही. एखाद्या दिवशी झाडायला बसलं की पोतंभर निघतात. किश्शांचंही तसंच आहे. परवा पुष्पाबाई भेटायला आली आणि गाव शोधतानाच्या गोष्टी एकेक करून निघायला लागल्या. आम्ही दोघी खूप हसलो. ती गेल्यावर भांडी घासताना मात्र मला त्यातल्या एकाही गोष्टीचं हसू येईना!

ही नव्वदनंतरची गोष्ट. माजरीला खाणीच्या गेटसमोर आमची दुकानांची ओळ होती. माझ्या नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान, शेजारी सदाभाऊंची चहाची टपरी आणि पुढ्यात पुष्पाबाईची मासळीची टोपली. नवऱ्याला सगळे ‘मास्टर’च म्हणायचे. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. तो घालून खटक-खटक चालायचे.

खाण वाढत वाढत आमच्या ओळीपर्यंत आली. जागा खाली करा म्हणाले. जागा आमच्या नावावर नव्हतीच, तेव्हा भांडणार कशासाठी? तिघांनी ठरवलं, जायचं तर एकाच गावाला जायचं, सवय झाली होती एकमेकांची. सदाभाऊ म्हणाले, “मास्टरच्या पायानं चालता येईन तेच गाव घेऊ.”

मला आणखी एक पाहायचं होतं. गाव कोणत्या पार्टीचं? आम्ही शेख. त्या वर्षांत पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या दंगलीची बातमी असायची. तर मुलगी पाहायला जातात ना, तसे आम्ही गावं पाहायला निघालो.

*

सदाभाऊ चहावाले, त्यांचा विश्वास चहावर. “गाव कोणाचं आहे ते टपरीवर कळते भाभी,” म्हणाले आणि पहिल्या गावाला गेले.

स्टँडसमोर दोन टपऱ्या. एकीवर चहा घेतला, इकडचं तिकडचं विचारलं. मग वाटलं, समोरच्याचंही ऐकून घ्यावं, म्हणून समोर जाऊन दुसरा चहा घेतला. त्यांना काय माहीत, एक टपरी एका पार्टीची आणि दुसरी दुसऱ्या पार्टीची! कप खाली ठेवतात न ठेवतात तोच दोन्हीकडची माणसं उठून आली.

“काऊन भाऊ, कोणं पाठवलं तुले?”

दोघांनीही त्यांना दुसऱ्याचा माणूस ठरवून टाकलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे ते लोक, यांना बसमध्ये कोंबायला मात्र एकत्र आले.

शर्टाची फाटलेली बाही मास्टरकडे शिवायला टाकत सदाभाऊ म्हणाले, “पाहा भाभी, दोन चहात त्या गावात एकी करून आलो!”

*

दुसरं गाव पाहायला मास्टर स्वतः गेले. त्यांची रीत वेगळी. रिक्षा करायची नाही, स्टँडवर उतरायचं आणि बूट चावायला लागेपर्यंत चालायचं. जिथे चावेल तिथे गाव संपलं!

संध्याकाळी परत आले ते खुशीत. “काय रस्ता आहे! सिमेंटचा, सपाट. खड्डा नाई, नाली नाई, दोन्ही बाजूनं झाडं. चालून राह्यलो तर चालतच राहावं वाटे!”

“मंग कुठी चावला बूट?” पुष्पाबाईनं विचारलं.

“नगरसेवकाच्या फाटकापाशी. तिथी रस्ता संपते. पुढं चिखल आहे.”

“आन् गरिबाची वस्ती?”

“चिखलातच.”

पुष्पाबाई मासळीवर पाणी शिंपडत म्हणाली, “मंग तुम्ही असं करा मास्टर, नगरसेवकाच्या ओसरीतच मशीन टाका!”

*

पुष्पाबाईनं तिसरं गाव पाहिलं. ती ढिवराची, टोपली डोक्यावर घेऊनच गेली. म्हणाली, रिकाम्या हातानं गेलं की लोक खरं बोलत नाहीत.

एका गल्लीत बायकांनी हसतखेळत टोपली रिकामी केली. “रोज येत जा वो बाई,” म्हणाल्या. हिला वाटलं, जमलं. त्यातलीच एक घरमालकीण, तिच्याकडे खोली रिकामी. हिनं विचारलं.

मालकिणीनं नाकाला पदर लावला. “तुमच्या धंद्याचा वास येते ना बाई. खोली धरून ठेवते वास.”

तिच्याच भिंतीवर इलेक्शनच्या रंगात हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रत्येकाला हक्काचं घर! पुष्पाबाईला वाचता येत नाही. बसस्टँडच्या भिंतीवरही तशीच अक्षरं होती, ती एका पोरीनं वाचून दाखवली, तेव्हा तिला कळलं आपण कोणत्या भिंतीला टेकून उभ्या होतो.

“पोटात गेली त चालते मासळी,” ती म्हणाली, “खोलीत आली त नाई चालत!”

*

चौथ्या गावाचं नाव मी सांगत नाही. आमचं रेशनकार्ड आजही तिथलंच आहे.

तिथे मास्टर एका टेलरच्या दुकानात सुई मागायच्या निमित्तानं शिरले. इलेक्शन जवळ आलेलं. अशा दिवसांत टेलरच्या मशीनखाली पाहिलं की गावाचा रंग कळतो, कारण झेंडे शेवटी टेलरच शिवतात. एकाच रंगाच्या चिंध्या असल्या की समजायचं, गाव त्यांचं.

या मशीनखाली भगव्या होत्या, निळ्या होत्या, हिरव्या होत्या, तिरंगी पट्ट्यांच्याही होत्या. मास्टर अक्षरशः उड्या मारायचे बाकी होते!

“सगळे रंग आहेत! गाव मोकळं आहे. तू उगीच भेते.”

मलाही इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी भजी तळली.

सदाभाऊंनी भजं तोंडात टाकलं, थोडा वेळ चावत राहिले आणि म्हणाले, “मास्टर, मशीनखाली एकत्र आहेत म्हणून एवढा आनंद नका करू. शिवून झाले का ते आपापल्या गल्लीत जातात.”

मास्टर त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

*

मग मी आणि पुष्पाबाई ते गाव पाहायला गेलो. मास्टर आमच्याबरोबर आले आणि स्टँडवर चहा प्यायला थांबले.

बायकांचं गाव नळावर असतं. आम्ही नळावर गेलो. मी साडीत. कपाळ मोकळं. एका म्हातारीनं मला हात धरून बसवलं, पाणी दिलं. गावात खोली पाहतोय म्हटल्यावर तिनं माझा हात आणखी घट्ट धरला.

“माझी मागची खोली आहे ना रिकामी. एवढ्या कमी वयात... कधी गेले वो बाई मालक?”

मी म्हटलं, “आत्ताच गेले. चहा प्यायला.”

पुष्पाबाई फसकन हसली. म्हातारीनं पुन्हा माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग नाव विचारलं. सांगितलं. हात सुटला. तिला आठवलं, मागच्या खोलीत धान ठेवायचं आहे.

मी हे सांगितल्यावर मास्टर खूप हसले. “चाला, मी मेल्यावर तरी चांगली खोली भेटन तुले!”

मी त्या दिवशी हसले नाही.

*

आणि मग देवरावभाऊंचं घर मिळालं. म्हणजे मिळालं असं वाटलं.

त्याच गावात, बाजाराजवळ. सपाट गल्ली, ओलांडायला नाली नाही, दारात कडुनिंब. मी तर मनात चूलसुद्धा कुठे ठेवायची ते ठरवलं. देवरावभाऊ म्हणजे देवमाणूस! मास्टरांचा पाय पाहिला आणि स्वतः उठले. “चाला, बाजारापर्यंत चालून पाहू. तुम्हाले जमते का पाहू.”

बाजारापर्यंत त्यांच्याबरोबर, त्यांच्याच चालीनं चालले. मध्ये दोनदा ओट्यावर बसवलं. “घाई नाई मास्टर.” परत आल्यावर म्हणाले, “ही पायरी उंच होते तुम्हाले. फोडून उतार करून देतो.” मास्टरांच्या चेहऱ्यावर असं तेज मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

“बरं, नाव काय मास्टर तुमचं? मास्टरच म्हणून राह्यलो केव्हाचा.”

“रहीम शेख.”

देवरावभाऊंनी नजर खाली घेतली. बुटाकडे पाहत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, “मशीद गावाच्या त्या टोकाले आहे मास्टर. इथून कसे चालान तुम्ही?”

“शुक्रवारी रिक्षा करीन ना.”

“नाई नाई. तुमच्या पायाचे असे हाल मले नाई पाहावणार.”

*

आम्ही त्या टोकाला राहायला गेलो. पुष्पाबाई तलावाच्या पाळीवर आपल्या लोकांत गेली, सदाभाऊंना स्टँडमागे जागा मिळाली. माजरीत एका ओळीत होतो, इथे तिघं तीन टोकांना. दुकान मात्र बाजारातच. आमच्या वस्तीतून निघालं की चिखल, मग नाल्यावरचा फरशी पूल, मग चढ. मास्टर रोज जायचे. घरी आले की मी बूट काढायची आणि पायाला खोबरेल लावायची.

इलेक्शन आलं तसे देवरावभाऊ स्कूटरवरून आमच्या घरी आले. मागे त्यांच्या पार्टीच्या झेंड्यांसाठी कापडाचे गठ्ठे. सगळे एकाच रंगाचे.

“मास्टर, तुमच्यासारखी डबल शिलाई गावात कोणाची नाई. आन् तुम्ही चालत येऊ नका, पाय दुखन. मीच येईन न्यायले.”

मी आतून मान हलवत होते, नको म्हणून. मास्टरांनी कापड हातात घेतलं, बोटांत चुरून पाहिलं. “रंग पक्का आहे,” म्हणाले.

मिरवणूक बाजारातून निघाली त्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात गेले होते. घोषणा जवळ यायला लागल्या, तसं मी शटर अर्धं ओढलं. मास्टर खाली वाकून बाहेर पडले आणि बुटावर भार देऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पुढे देवरावभाऊ होते. त्यांनी लांबूनच हात केला. वारा जोराचा होता, झेंडे फाडफाड वाजत होते.

मास्टर देवरावभाऊंकडे पाहत नव्हते. वर पाहत होते. शेवटचा झेंडा वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाह्यलं? एकबी उसवला नाई.”