नानांची दुसरी करवत

शेजारच्या नानांकडे लाकडात नक्षी कापायच्या दोन विजेच्या करवती आहेत. जाड पात्याच्या करवतीवर ते लोकांच्या दारावरच्या पाट्या कापतात. त्यांत नावापेक्षा पदव्यांनाच लाकूड जास्त लागते. बारीक पात्याची दुसरी नुकतीच आली. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या आपल्या पत्नीसाठी, माईंसाठी, नाना या करवतीवर सुटी अक्षरे कापतात.

काल माझ्यासमोर माईंनी डाव्या हाताने ‘करवत’ जुळवले.

“शाब्बास!” नाना म्हणाले.

माईंनी त्या नव्या यंत्राकडे एकदा रोखून पाहिले, ‘क’ आणि ‘र’ बाजूला सारले आणि तिथे ‘स’ ठेवला. ‘सवत’!

“अगं, तुझ्यासाठीच आणली ना तिला!” म्हणत नाना हसता हसता डोळे पुसू लागले.

भाषा परतताना आधी शब्द येत असतील, असे मला वाटायचे. माईंची आधी थट्टा आली. बोलणे काय, मागून येईलच.