आईचं बेणं

मंडळी, आज अंजनगावला आमच्या आईची तेरवी झाली.

पंगत वाढली आणि बटाट्याची भाजी कमी पडली. बडनेऱ्याच्या काकूंना मागच्या अंधाऱ्या खोलीत, वाळूवर कडुलिंबाच्या पाल्याखाली ठेवलेले बटाटे सापडले. त्यांनी कोंब खुडून ते रश्श्यात टाकले. मीही दोनदा भाजी घेतली.

जेवणं झाल्यावर बाबा त्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले, तर रिकाम्या वाळूवर हात फिरवत बसले होते.

"लावायचं बेणं होतं ते," म्हणाले. "तुह्या मायनं माहेराहून आणलं होतं. कधी तुटू नाही देल्लं."

दरवर्षी आई डोळे पाहून बटाटे कापायची, काप राखेत घोळवून लावायची आणि निघालेल्या मालातून पुढचं बेणं बाजूला ठेवायची.

माझ्यामागून आलेल्या काकू रडायला लागल्या. "मले कोणी सांगतलं काहून नाही?"

कोण सांगणार? सांगणारीचीच तर पंगत होती.

बाबा आत्ता वावरात गेलेत. लावणीसाठी त्यांनी परवा सऱ्या पाडल्यात, त्या रिकाम्याच सऱ्यांना पाणी देऊन राहिले. मी बांधावर उभी आहे. त्यांना थांबवू की पाणी देऊ देऊ?